निकाल ९८ टक्के, पण पुढे पर्याय किती? दहावी-अकरावीच्या सुधारणा रत्नागिरीतून पाहताना

दहावीचा निकाल लागला की राज्यभरात एक बातमी ठरलेली असते : कोकण मंडळ पुन्हा अव्वल. मे २०२५ मध्येही तेच झाले. राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणचा ९८.८२ टक्के. बारावीतही राज्य ९१.८८ टक्क्यांवर थांबले आणि कोकण ९६.७४ टक्क्यांवर गेले. म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक मुलांसाठी ‘दहावी पास होणार का?’ हा प्रश्न जवळपास मागे पडला आहे. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे : पास झाल्यावर जायचे कुठे, शिकायचे काय आणि ते घरापासून किती लांब?

नेमक्या याच टप्प्यावर सध्या एकाच वेळी अनेक बदल होत आहेत. अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार नववी ते बारावी हा एकसंध टप्पा होणार आहे. कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांमधल्या भिंती पाडण्याची भाषा आहे. गणित-विज्ञानाच्या उत्तीर्णतेचा निकषही बदलणार आहे. या बदलांतून रत्नागिरीतील विद्यार्थ्यांच्या हाती काय पडेल, याचा हा आढावा.

कोकण मंडळाचा निकाल नेहमी वरचढ का?

महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाची नऊ विभागीय मंडळे आहेत. त्यांत कोकण हे सर्वांत नवे आणि सर्वांत लहान मंडळ. त्याचे मुख्यालय रत्नागिरीत असून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. पूर्वी हे दोन्ही जिल्हे कोल्हापूर विभागीय मंडळात होते. दहावीला राज्यात १५ लाखांहून अधिक नियमित विद्यार्थी बसतात, त्यांत कोकणचे ३० हजारांपेक्षाही कमी असतात.

लहान आकाराचा फायदा असतो. वर्गात मुले मोजकी असली की शिक्षकाचे प्रत्येकाकडे लक्ष जाते, आणि गावातली शाळा असेल तर पालकांची ओळखही असते. पण या लहान आकारामागे दुसरे एक वास्तव आहे. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजार होती, ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजारांवर आली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना हा जिल्हा आक्रसत होता. मुंबईची वाट धरणाऱ्या चाकरमान्यांचा हा जिल्हा आहे. २०११ मध्ये येथे दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तोही या स्थलांतराचाच पुरावा. वर्गातली कमी पटसंख्या दहावीपर्यंत सोयीची ठरते. अकरावीपासून तीच अडचण कशी होते, ते पुढे येईलच.

निकालाचा आकडा नेमके काय सांगतो?

मुलांच्या तयारीइतकाच तो परीक्षेच्या रचनेबद्दलही सांगतो. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता आणि कोकणचा ९६ टक्के. २०१९ मध्ये नवा अभ्यासक्रम आला आणि भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांचे २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन बंद झाले. राज्याचा निकाल थेट ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि कोकणचाही ८८.३८ टक्क्यांवर आला. ओरड झाल्यावर अंतर्गत गुण परत आणले गेले. २०२० मध्ये राज्य ९५.३० टक्क्यांवर आणि कोकण ९८.७७ टक्क्यांवर पोहोचले.

दोन वर्षांत मुलांची बुद्धी १२ टक्क्यांनी कमी होऊन पुन्हा १८ टक्क्यांनी वाढली, असे कोणी म्हणणार नाही. बदलली ती मोजपट्टी. त्यामुळे ९८ टक्क्यांचा अर्थ ‘कोकणातली मुले शाळा पूर्ण करतात’ इतकाच घ्यायला हवा. ही मोठी जमेची बाजू आहे. मात्र दहावीनंतरचे शिक्षण त्यांना पेलेल की नाही आणि मिळेल की नाही, याचे उत्तर त्या आकड्यात नाही.

अकरावीच्या प्रवेशात काय बदलले?

२०२४-२५ पर्यंत केंद्रीभूत ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नाशिक, नागपूर आणि अमरावती एवढ्यापुरते मर्यादित होते. रत्नागिरीत मूल आणि पालक थेट कनिष्ठ महाविद्यालयात जात, अर्ज भरत आणि प्रवेश घेत. २०२५-२६ पासून हीच ऑनलाइन पद्धत संपूर्ण राज्याला लागू झाली. विद्यार्थ्याने कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा महाविद्यालयांचे पसंतीक्रम द्यायचे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो; न घेतल्यास पुढच्या नियमित फेऱ्यांतून विद्यार्थी बाहेर पडतो.

सुरुवात अडखळत झाली. २१ मे रोजी संकेतस्थळ पहिल्याच दिवशी कोलमडले आणि नोंदणी २६ मेपासून नव्याने सुरू करावी लागली. पहिल्या फेरीत सुमारे ६ लाख ३२ हजार विद्यार्थ्यांना महाविद्यालय मिळाले. त्यांपैकी साधारण ४ लाख ५७ हजार जणांना पहिली पसंती मिळाली. फेऱ्या मात्र ऑगस्टपर्यंत चालल्या. दहावीचा निकाल १३ मे रोजीच, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर लागला होता. त्यातून वाचलेला वेळ प्रवेशफेऱ्यांतच खर्ची पडला.

प्रशासकीय दृष्टीनेही रत्नागिरीची एक गंमत आहे. परीक्षेसाठी विभागीय मंडळ शहरातच आहे, पण शिक्षण उपसंचालकांचे कार्यालय कोल्हापुरात. म्हणजे गुणपत्रिकेची तक्रार रत्नागिरीत आणि विभागीय पातळीवरचा प्रवेशाचा प्रश्न घाट चढून वर.

ही पद्धत मुळात कोणाच्या अडचणीतून जन्मली?

महाराष्ट्रातील दहावी-अकरावीच्या गेल्या दोन दशकांतील बहुतेक सुधारणा मुंबई आणि पुण्याच्या गर्दीतून जन्मल्या आहेत. तिथे मोजक्या नामांकित महाविद्यालयांसाठी हजारो विद्यार्थी अर्ज करतात आणि अर्ध्या टक्क्याने प्रवेश हुकतो. शिवाय सीबीएसई आणि आयसीएसई मंडळांच्या विद्यार्थ्यांशी राज्य मंडळाच्या मुलांना स्पर्धा करावी लागते.

या स्पर्धेत राज्य मंडळाच्या मुलांना संरक्षण देण्यासाठी २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले गेले. ते उच्च न्यायालयात टिकले नाही. २००९ मध्ये ९० : १० असा कोटा ठरवला गेला. तोही रद्द झाला. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’, म्हणजे सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे सूत्र आले. उच्च न्यायालयाने ते फेटाळले, पण सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आणि ते आजही चालू आहे. या सगळ्या लढाया ‘कोणाला आधी प्रवेश’ या प्रश्नावर झाल्या. केंद्रीभूत प्रवेशही त्याच प्रश्नाचे उत्तर आहे : गुणवत्तेचा क्रम पाळला जावा, देणगी आणि ओळखीपाळखीला वाव राहू नये.

हे उद्दिष्ट योग्यच आहे आणि लहान शहरांतही त्याची गरज आहे. पण राज्याचे एकूण चित्र पाहिले तर टंचाई जागांची नाही. २०२५-२६ मध्ये अकरावीच्या जवळपास २१ लाख जागा होत्या आणि नोंदणी केलेले विद्यार्थी साधारण १४ लाख. सगळ्या फेऱ्या संपल्यावर लाखो जागा रिकाम्या राहिल्या. टंचाई आहे ती हव्या त्या ठिकाणी हव्या त्या विषयाची. मुंबईत ती गुणांमुळे भासते, रत्नागिरीत अंतरामुळे.

दहा पसंती भरता येतात. मग अडचण काय?

मंडणगडपासून राजापूरपर्यंत जिल्ह्याचे नऊ तालुके उभे पसरलेले आहेत. मधे खाड्या, डोंगर आणि वळणांचे रस्ते. संगमेश्वर किंवा लांजा तालुक्यातील एखाद्या वाडीवर राहणाऱ्या मुलीचे उदाहरण घ्या. संकेतस्थळावर तिला दहा नावे निवडता येतात. पण सकाळची एसटी जिथे वेळेत पोहोचवते आणि संध्याकाळची जिथून अंधार पडायच्या आत परत आणते, अशी महाविद्यालये एक-दोनच असतात. त्यांपैकी जवळच्या ठिकाणी विज्ञान शाखा नसेल, तर तिचा पसंतीक्रम अर्ज भरण्यापूर्वीच ठरलेला असतो.

प्रवासाचा खर्च हा पूर्वीइतका अडसर राहिलेला नाही. ग्रामीण भागातील मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत मिळतो आणि इतर विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत आहे. पण पास मोफत असला तरी गाडी वेळेवर यावी लागते, आणि मुळात त्या मार्गावर ती असावी लागते. प्रवेशफेऱ्यांचा काळ जून-जुलैचा, म्हणजे भर पावसाचा. वीज आणि इंटरनेट खंडित होणे कोकणात या दिवसांत नवीन नाही. अर्जातील प्रत्येक टप्प्याला मुदत असताना हा तपशील छोटा राहत नाही.

कायद्याची चौकटही इथे संपते. शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयोगटापुरता आहे. त्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असणे अपेक्षित असते. सोळा वर्षांच्या मुलासाठी असा हक्क नाही. २००९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियानाने माध्यमिक शाळा पाच किलोमीटरवर आणि उच्च माध्यमिक शाळा सात ते दहा किलोमीटरवर असावी असे उद्दिष्ट ठेवले होते. पण उद्दिष्ट आणि हक्क यांत फरक असतो : उद्दिष्ट चुकले म्हणून कोणाला दाद मागता येत नाही.

नव्या आराखड्यात शाखा खरंच जाणार का?

महाराष्ट्रात १० अधिक २ ही रचना सत्तरच्या दशकात आली. त्याआधी अकरावीची मॅट्रिक होती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने त्या जागी ५+३+३+४ अशी रचना सुचवली. शेवटची चार वर्षे, म्हणजे नववी ते बारावी, हा एकच माध्यमिक टप्पा. त्यावर आधारलेला राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २०२३ मध्ये आला आणि राज्याने २०२४ मध्ये आपला आराखडा तयार केला.

राष्ट्रीय आराखड्यानुसार अकरावी-बारावीत दोन भाषा आणि चार विषय असतील. हे चार विषय किमान दोन वेगवेगळ्या गटांतून निवडायचे. एका गटात कला, शारीरिक शिक्षण आणि व्यवसाय शिक्षण. दुसऱ्यात सामाजिक शास्त्रे, मानव्यविद्या आणि आंतरविद्याशाखीय विषय. तिसऱ्यात विज्ञान, गणित आणि संगणकीय विचार. हर्णै किंवा मिरकरवाड्यातील मच्छीमार कुटुंबातल्या मुलाला जीवशास्त्र, अर्थशास्त्र आणि मत्स्यव्यवसाय एकत्र शिकता येईल. हापूसच्या बागायतदाराच्या मुलीला रसायनशास्त्रासोबत हिशेबनीस होण्याचीही तयारी करता येईल. कागदावर हे चित्र कोकणासाठी आजच्या तीन शाखांपेक्षा कितीतरी सोयीचे आहे.

प्रश्न अंमलबजावणीचा आहे. कनिष्ठ महाविद्यालयात शिक्षकांची पदे विद्यार्थिसंख्या आणि तासिकांच्या भारावर मंजूर होतात. एका तुकडीत साधारण ८० विद्यार्थी धरलेले असतात. ग्रामीण महाविद्यालयात एका शाखेला तीस-चाळीस मुलेच असतील आणि ती पाच-सहा वेगवेगळ्या विषयजोड्यांत विभागली गेली, तर प्रत्येक विषयाच्या वाट्याला मूठभर विद्यार्थी येतात. तेवढ्यांसाठी पद मंजूर होत नाही. मग संस्था शिकवता येतील तेवढेच विषय ठेवते आणि ‘निवड’ पुन्हा जुन्या शाखेच्याच आकाराची होते. दहावीपर्यंत लहान वर्ग हे बळ होते, ते इथे उलटते.

वेळापत्रकाची अनिश्चितताही आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्याने जाहीर केलेल्या टप्प्यांनुसार नववी आणि अकरावीत नवा अभ्यासक्रम २०२७-२८ मध्ये, तर दहावी आणि बारावीत २०२८-२९ मध्ये येणार होता. त्याच शासन निर्णयात पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा मुद्दा होता. त्यावरून वाद पेटला आणि जूनअखेरीस तो निर्णयच मागे घेतला गेला. भाषेच्या वादात अकरावीचे काय होणार याची चर्चा बाजूला पडली.

गणितात २० गुणांची तरतूद काय आहे?

राज्याच्या आराखड्यातील ही तरतूद ऑक्टोबर २०२४ मध्ये चर्चेत आली. सध्या उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात. नव्या रचनेत गणित किंवा विज्ञानात २० ते ३४ गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला अकरावीत जाण्याची मुभा मिळेल, पण त्याच्या गुणपत्रिकेवर शेरा असेल की पुढे त्याला गणित-विज्ञानावर आधारित शिक्षण घेता येणार नाही. नवा अभ्यासक्रम लागू होईल तेव्हाच ही तरतूद येईल, असे तेव्हा स्पष्ट करण्यात आले.

यामागचा विचार समजण्यासारखा आहे. केवळ गणितात अडकल्याने मुले शिक्षण सोडतात. ती गळती थांबावी म्हणून याआधीही उपाय झाले. एक-दोन विषयांत अनुत्तीर्ण असलेल्यांना एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. २०१५ पासून दहावीची पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच होऊ लागली, म्हणून वर्ष वाया जात नाही. मात्र हे दोन्ही उपाय मुलाला तो विषय सोडवण्याची पुन्हा संधी देतात. नव्या तरतुदीत दार उघडते, पण मागचे दार बंद होते. सोळाव्या वर्षी स्वीकारलेला शेरा अठराव्या वर्षी नर्सिंग किंवा तंत्रनिकेतनाचा विचार करताना आड येईल. आयटीआयच्या अनेक व्यवसायांनाही गणित-विज्ञान लागते.

इंग्लंडने याच प्रश्नावर नेमका उलटा मार्ग घेतला. तिथे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेत गणित किंवा इंग्रजीत ठरावीक श्रेणी न मिळालेल्या विद्यार्थ्याला पुढच्या शिक्षणाबरोबर तो विषय शिकत राहावे लागते. २०१४ पासून महाविद्यालयाचे अनुदान त्याला जोडलेले आहे. तीच ती परीक्षा पुन्हा पुन्हा देऊन मुले खचतात, अशी टीका तिथेही होते. दोन्ही टोकांच्या मधला मार्ग असू शकतो : पुढे जाऊ द्यावे, शेरा कायमचा नसावा, आणि व्यवहारातले गणित शिकवण्याची सोय अकरावीतही असावी.

व्यवसाय शिक्षण यावेळी तरी रुजेल का?

हा प्रयोग महाराष्ट्राला नवा नाही. किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, १९८८ च्या सुमारास सुरू झाले. त्याआधीपासून द्विलक्षी अभ्यासक्रमही होते. कल्पना चांगली होती, पण समाजात त्यांची प्रतिमा ‘गुण कमी पडले म्हणून घेतलेला रस्ता’ अशीच राहिली. पदवीकडे जाण्याचा मार्ग अरुंद आणि नोकरीशी सांधा कच्चा, ही त्यामागची कारणे.

इथेही इंग्लंडचा अनुभव उपयोगी आहे. तिथे २०२० मध्ये ‘टी लेव्हल’ नावाचा दोन वर्षांचा तांत्रिक अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात किमान ३१५ तास, म्हणजे सुमारे ४५ दिवस, प्रत्यक्ष उद्योगात काम करणे बंधनकारक केले. जिथे उद्योग दाट आहेत तिथे ते जमले. ग्रामीण आणि किनारी भागात अशी कामाची ठिकाणे शोधणे अवघड गेले.

रत्नागिरीची रचना तशीच आहे. मोठे उद्योग लोटे-परशुराम, जयगड, रनपार अशा मोजक्या ठिकाणी एकवटलेले. पण उद्योगाची व्याख्या रुंद केली तर चित्र बदलते. राष्ट्रीय आराखडा व्यवसाय शिक्षणाचे तीन प्रकार मानतो : सजीवांशी संबंधित काम, यंत्रे व साहित्याशी संबंधित काम आणि मानवी सेवा. आंब्याच्या कलमांची रोपवाटिका, काजूप्रक्रिया, मासळीची शीतसाखळी, बोटीच्या इंजिनांची दुरुस्ती, पर्यटकांसाठीचे निवास या तिन्हींची शिकवणी जिल्ह्यात जागोजागी आहे. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ आहे, शहरात शासकीय तंत्रनिकेतन आणि आयटीआय आहेत. कमतरता आहे ती कनिष्ठ महाविद्यालयाला या संस्थांशी जोडणाऱ्या व्यवस्थेची, आणि तिथे मिळालेल्या श्रेयांकांना पुढच्या प्रवेशात किंमत मिळण्याची.

या दुसऱ्या मुद्द्यावर सगळे अडते. आज अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईई आणि वैद्यकीयसाठी नीट महत्त्वाची. बारावीचे गुण तिथे बहुतांशी पात्रतेपुरते उरतात. प्रवेश परीक्षा जुन्याच विषयांवर होत राहिल्या तर कुठलेही शहाणे कुटुंब मुलाला भौतिकशास्त्राऐवजी मत्स्यव्यवसाय निवडू देणार नाही.

मग रत्नागिरीसाठी सुधारणा म्हणजे काय?

राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत माध्यमिक स्तरापर्यंत शंभर टक्के पटनोंदणीचे लक्ष्य ठेवले आहे. कोकण त्या लक्ष्याच्या इतरांपेक्षा जवळ आहे, आणि म्हणूनच पुढची अडचण इथे आधी दिसते. मुले दहावी ओलांडतात. त्यांच्यापुढे जे मांडले जाते ते मात्र गावाच्या नकाशावर ठरते.

काही गोष्टी नव्या अभ्यासक्रमाची वाट न पाहता होऊ शकतात. तालुक्यातील तीन-चार कनिष्ठ महाविद्यालयांनी विषय वाटून घेतले आणि शिक्षक आठवड्यातून ठरावीक दिवस एकमेकांकडे गेले, तर मूठभर विद्यार्थ्यांच्या विषयालाही तासिका मिळतील. त्यासाठी पदमंजुरीचा हिशेब एका महाविद्यालयाऐवजी समूहाचा धरावा लागेल. एसटीचे वेळापत्रक ठरवताना कनिष्ठ महाविद्यालयांच्या वेळा विचारात घेता येतील. प्रवेशाच्या संकेतस्थळावर महाविद्यालयाच्या नावापुढे शाखा आणि जागांबरोबर प्रत्यक्षात शिकवले जाणारे विषय दाखवता येतील, म्हणजे पसंती देणाऱ्याला कळेल की तो नेमके काय निवडतो आहे.

यांतले काहीही मुंबईतील प्रवेशाची रांग कमी करणार नाही, म्हणून ते राज्याच्या चर्चेत वर येत नाही. पण नवा आराखडा लागू होईल तेव्हा तो यशस्वी झाला की नाही, हे पाहण्याची साधी कसोटी रत्नागिरीतच आहे. निकालाची टक्केवारी ती सांगणार नाही. मंडणगड, लांजा किंवा राजापूर तालुक्यातील खेड्यातल्या मुलीला, घर न सोडता, तिने मागितलेल्या चार विषयांपैकी किती मिळाले, हे मोजावे लागेल.